ताप किती वाजता आला?

श्रावण तोंडावर आलेला, दुपारपासून पावसाची रिपरिप चाललेली. साडेचारच्या सुमारास शाळेतून परतलेला सात वर्षांचा मुलगा दप्तर कोपऱ्यात भिरकावतो, बशीतले पोहे उभ्याउभ्याच संपवतो आणि आईची हाक कानांआड करून अंगणातल्या चिखलात धूम ठोकतो. आणि तोच मुलगा दिवेलागणीच्या वेळी, कोणी न बोलावता, आपण होऊन घरात येतो, ओल्या पायांनीच चटईवर आडवा होतो आणि 'आई, थंडी वाजते' एवढे तीनच शब्द बोलून डोळे मिटून घेतो. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात मागे एका जुलै महिन्यात हा प्रकार घडला तेव्हा मी तेथेच बसलो होतो. आजीने हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. थर्मामीटर काखेत धरला तेव्हा आकडा १०३ वर गेला. मग घरातल्या प्रत्येकाने आपापले निदान मांडले. आजीच्या मते तो पावसात भिजला होता. वडिलांच्या मते हा सर्दीचा ताप असून सकाळपर्यंत उतरणार होता. आणि आईला शंका होती ती मधल्या सुटीत शाळेच्या फाटकाशी काहीबाही खाल्ल्याची, कारण तेवढ्यात त्याला एक उलटीही झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी मुलाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारला तो असा : 'ताप किती वाजता आला?' वडील म्हणाले, 'कालपासून आहे.' डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न केला. तेव्हा आई म्हणाली, 'सव्वासातला. मी देवापुढे दिवा लावत होते, तेव्हा घरात आला. त्याआधी खेळत होता, चांगला धावत होता.' डॉक्टरांनी मान हलवली. 'म्हणजे एकदम चढला,' ते म्हणाले, आणि मग त्यांनी स्टेथास्कोप कानाला लावला.

त्या प्रश्नाचे महत्त्व मला पुढे कळले. फ्लूच्या निदानात, म्हणजेच इन्फ्लुएन्झाच्या निदानात, डॉक्टरांना उपयोगी पडणारी सर्वांत मोलाची हकीकत त्यांच्या कोणत्याही उपकरणात सापडत नाही. ती मुलाच्या आजाराचा पहिला तास पाहिलेल्या माणसापाशी असते. डॉक्टर भेटतात ते आजाराच्या मध्यावर. आरंभ पाहिलेला असतो तो आईने, बापाने, आजीने किंवा पाळणाघरातल्या बाईंनी. रोगाला नाव देणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु जे पाहिले त्याची चोख जबानी देणे हे त्यांचेच काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

आपल्या बोलण्यात सर्दी, पडसे, ताप, व्हायरल आणि फ्लू हे सगळे शब्द एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. 'पोराला फ्लू झालाय' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचे नाक गळत असते, इतकाच त्याचा अर्थ असतो. नाक गळवणारे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले बहुतेक चार दिवस त्रास देऊन निघून जातात. इन्फ्लुएन्झा हा मात्र एका विशिष्ट विषाणुकुळाचा आजार आहे. त्याचे हे नाव मूळचे इटालियन असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा आहे. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने साथ येते, अशी त्या काळची समजूत होती. मराठीत त्याला एकेकाळी याहून अस्सल आणि याहून भयंकर नाव होते, ते म्हणजे 'मानमोडी'. ज्या पिढीने हे नाव वापरले तिने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची साथ पाहिली होती. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने पडले. पावसाळ्यात साथ ओसरल्यासारखी वाटली. आणि सप्टेंबरात ती अशा काही आवेशाने परतली की पश्चिम भारतातील खेडोपाडी चिता रचायला लाकूड आणि खांदा द्यायला माणूस मिळेनासा झाला. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येहून कमी भरली. विसाव्या शतकात असे घडलेले ते एकच दशक, आणि त्याचे मुख्य कारण ही साथ होय.

त्या काळी या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. एका जंतूवर संशय होता, पण तो खोटा ठरला. १९३३ साली इंग्लंडमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघा संशोधकांनी रुग्णांच्या घशातील धुवण फेरेट नावाच्या लहान प्राण्यांच्या नाकात घातले, ते प्राणी तापाने आणि शिंकांनी बेजार झाले, आणि माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला. या विषाणूचे अ आणि ब हे दोन प्रकार मुलांना दरवर्षी गाठतात. त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलत असतात. त्यामुळे गेल्या वर्षी ज्याच्याशी शरीर झुंजले तोच शत्रू यंदा वेष पालटून येतो, आणि शरीराचे पहारेकरी त्याला ओळखत नाहीत. मोठ्या माणसांनी आयुष्यात अशा बऱ्याच झुंजी दिलेल्या असतात, तीन वर्षांच्या मुलाची मात्र ही कदाचित पहिलीच असते. म्हणून घरात हा आजार मुलाला आधी होतो, अधिक जोराने होतो आणि त्याच्यापासून तो इतरांना अधिक दिवस लागतो.

पुण्याच्या लोकांना या रोगाची दुसरी मोठी आठवण आहे ती २००९ च्या ऑगस्टची. त्या वेळी 'स्वाइन फ्लू' म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या विषाणूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, आणि तोही शाळकरी वयाचा. शाळा बंद झाल्या, रुमाल नाकावर बांधून माणसे रस्त्याने हिंडू लागली, आणि नायडू रुग्णालयासमोर साधी शिंक आलेल्यांचीही रांग लागली. तोच विषाणू पुढे आपल्यातच रुळला आणि आता दरसालच्या फ्लूचा एक भाग होऊन राहिला आहे. या दोन आठवणींनी आपल्याला दोन परस्परविरुद्ध सवयी लावल्या : साथीचे नाव वर्तमानपत्रात आले की घाबरून दारोदार धावायचे, आणि नाव आले नाही की 'सर्दीच आहे' म्हणून स्वस्थ बसायचे. दोन्ही वेळी मुलाकडे पाहायचे राहून जाते.

तेव्हा मुलाकडे पाहावे ते कसे? पहिली खूण आरंभाची. सर्दी पाहुण्यासारखी सांगून येते : आज घसा खवखवतो, उद्या नाक वाहते, परवा थोडी कणकण वाटते, आणि या सगळ्यात मूल खेळत राहते, खायला मागते, भांडते. फ्लू मात्र अकस्मात येतो. चार वाजता धावणारे मूल सात वाजता अंथरुणाला खिळते. हुडहुडी भरते, ताप १०२-१०३ वर जातो, डोके दुखते, अंग मोडून येते, डोळ्यांना उजेड सोसवत नाही आणि कोरडा खोकला सुरू होतो. नाक गळेल किंवा गळणारही नाही; परंतु मुलाचे खेळणे थांबते, आणि सर्दी व फ्लू यांतला घरच्या घरी दिसणारा सर्वांत ठळक भेद हाच होय. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः दोन दिवस, फार तर चार दिवस जातात. म्हणून सोमवारी शाळेतला शेजारचा मित्र तापाने घरी गेला आणि बुधवारी आपले मूल पडले, तर तो धागा डॉक्टरांना अवश्य सांगावा.

दुसरी गोष्ट ही की, मुलांचा फ्लू हा मोठ्यांच्या फ्लूची लहान आवृत्ती नव्हे. मोठ्या माणसाला या आजारात क्वचितच उलटी होते. मुलांना उलट्या, जुलाब आणि पोटदुखी अनेकदा होते, आणि मग घरातील सारा संशय भेळवाल्यावर किंवा शिळ्या भातावर जातो. आमच्या शेजारच्या आईला जे वाटले ते म्हणूनच अगदी स्वाभाविक होते. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'अंग दुखते' हे सांगता येत नाही. ते 'पाय दुखतात' म्हणते, किंवा काहीच न सांगता कडेवरून उतरायला नकार देते. काही मुलांना, विशेषतः ब प्रकारच्या फ्लूनंतर, ताप उतरू लागतो न लागतो तोच पोटऱ्या इतक्या दुखू लागतात की सकाळी उठल्यावर मूल पाऊल टाकत नाही, किंवा चवड्यांवर चालते. पाहणाऱ्याचा जीव दडपतो. परंतु हा स्नायूंचा दाह सहसा काही दिवसांत आपोआप शमतो. तरीही डॉक्टरांना दाखवावेच, आणि लघवी गडद तपकिरी रंगाची झाली असेल तर त्याच क्षणी दाखवावे.

तान्ह्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्यापाशी भाषा नाही, आणि कधीकधी त्याला तापही फारसा येत नाही. ते पितापिता मध्येच थांबते, छाती तोंडात घेऊन सोडून देते, एरवी हसायचे त्या आवाजाला हसत नाही, उगाच किरकिरते किंवा उलट इतके शांत होते की घरातल्यांना 'आज कसे गुणी आहे' असे वाटावे. तान्ह्याचा असा अनोळखी गुणीपणा ही सावध होण्याची वेळ आहे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला तर तो फ्लूचा की अन्य कशाचा, हा विचार घरी करीत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, त्याला डॉक्टरांच्या हवाली करावे.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. एकट्या मुलाकडे पाहून हा फ्लूच आहे असे छातीठोकपणे सांगणे अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही कठीण जाते. नाकातील स्रावाची तपासणीच त्याचा दाखला देऊ शकते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो, थंडीच्या अखेरीस त्याची एक लहान लाट येते, आणि पावसाळ्याचेच दिवस डेंगीचे, मलेरियाचे आणि विषमज्वराचेही असतात. त्यांतले तारतम्य ढोबळ मानाने सांगता येते. डेंगीतही ताप एकदम चढतो आणि अंग ठणकते, पण खोकला व घशाची तक्रार बहुधा नसते, डोळ्यांमागे दुखते आणि अंगावर लाली किंवा बारीक लाल ठिपके दिसू शकतात. मलेरियाची थंडी वाजून येते, दरदरून घाम येऊन ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. विषमज्वर पायरीपायरीने चढतो आणि आठवडाभर हलत नाही. कोविड तर फ्लूशी इतका मिळताजुळता की तपासणीवाचून वेगळा काढता येत नाही. हे सारे पालकांनी जाणावे ते निदान करण्यासाठी नव्हे, तर कोणती हकीकत सांगण्याजोगी आहे हे समजावे म्हणून. घरात खोकला कोणाकोणाला आहे, अंगावर पुरळ आले का, ताप मध्ये उतरला होता का, या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांसमोर आठवत बसावी लागू नयेत.

बहुसंख्य मुले या आजारातून घरच्या घरी बरी होतात. ताप तीन ते पाच दिवस राहतो, खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो. २००९ मध्ये सरकारने रुग्णांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडून दिले त्यामागील तत्त्व हेच होते की सौम्य आजार असलेल्याने घरी राहावे, जोखमीच्या रुग्णाला औषध मिळावे आणि धोक्याची चिन्हे दिसणाऱ्याला रुग्णालयात जागा मिळावी. घरी राहिलेल्या मुलाचा मामला पहिल्या वर्गातून तिसऱ्या वर्गात केव्हा गेला हे ओळखणारा पहारेकरी मात्र पालकच असतो, आणि त्या पहाऱ्याचे मुख्य साधन थर्मामीटर नसून घड्याळ आहे.

श्वास मोजण्याची रीत प्रत्येक आईबापाने शिकून ठेवावी. मूल रडत, पीत किंवा तापाने फणफणत असताना मोजू नये. ताप थोडा उतरला असता, शक्य तर झोपेत, सदरा छातीपर्यंत वर सारून, उजेड पुरेसा करून त्याच्या पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर आले आणि खाली गेले की एक श्वास झाला. सेकंदाचा काटा असलेले घड्याळ शेजारी ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच भरभर आणि मध्येच संथ चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मोजमापे अशी : दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असे समजावे आणि मुलाला त्वरित दाखवावे. आकड्याबरोबर छातीकडेही पाहावे. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, मूल कण्हत असेल, तर विषाणूने किंवा त्याच्या मागोमाग शिरलेल्या जंतूंनी फुप्फुसात ठाण मांडले असण्याचा तो इशारा आहे; अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

आणखी काही चिन्हे अशीच निर्वाणीची आहेत. ओठ किंवा नखे निळसर दिसणे, हाका मारूनही मूल नीट जागे न होणे किंवा असंबद्ध बोलणे, पाणीही न पिणे, किंवा प्यालेले सर्व उलटून टाकणे, आठ तास लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, आणि आकडी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात कोणत्याही जोरदार तापात आकडी येऊ शकते, आणि ती पाहिलेल्या आईबापाला ते दृश्य जन्मभर विसरता येत नाही. त्या क्षणी मुलाला कुशीवर निजवावे, गळ्याशी घट्ट कपडा असेल तर सैल करावा, तोंडात चमचा, बोट वा पाणी काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठावे, आणि थांबली तरी त्याच दिवशी मुलाला दाखवावे. ज्या मुलांना दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार आहे, त्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर हीच खबरदारी घ्यावी.

सर्वांत फसवे चिन्ह मात्र निराळेच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, मूल उठून बसते, घरातले सुटकेचा श्वास टाकतात; आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप येतो, खोकला वाढतो, धाप लागते. 'पुन्हा थोडे अंग कोमट लागते, अशक्तपणा असेल' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. हा उलटून आलेला ताप बहुधा विषाणूचा नसून दुबळ्या झालेल्या फुप्फुसात शिरलेल्या जंतूंचा असतो, आणि न्यूमोनियाची सुरुवात अशीच होते. १९१८ मध्ये जे असंख्य लोक मरण पावले त्यांतले पुष्कळसे या दुय्यम न्यूमोनियाने गेले. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत, आणि त्यांची खरी जागा या दुसऱ्या तापाच्या वेळी आहे. पहिल्या दिवशी विषाणूवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही, म्हणून 'एक स्ट्राँग गोळी लिहून द्या' असा आग्रह धरू नये आणि मोठ्या भावाची गेल्या वर्षीची उरलेली बाटलीही काढू नये.

घरच्या शुश्रूषेत करायचे थोडे आणि टाळायचे पुष्कळ असते. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. त्याचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. येथे एक घोटाळा वरचेवर होतो. दुकानात मिळणाऱ्या या औषधाच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत तेवढ्याच मापात २५० असते, आणि बाळांसाठीच्या थेंबांत तर एका मिलिलिटरमध्येच १०० असते; तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या आणि तिन्हींसाठी घरात चमचा एकच. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नये आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये. ॲस्पिरिन मुलांना कधीही देऊ नये, कारण ऑस्ट्रेलियातील डॉ. डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मुलांच्या मेंदूला आणि यकृताला इजा करणारा जो दुर्मीळ पण प्राणघातक विकार वर्णिला, त्याचा फ्लू किंवा कांजिण्यांत दिलेल्या ॲस्पिरिनशी संबंध असल्याचे पुढे आढळून आले. डेंगीची शंका असेल तोवर आयब्युप्रोफेनही टाळावे, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्दीखोकल्याच्या मिश्र औषधांचा लहान मुलांना लाभ कमी आणि अपाय अधिक. त्यांतील एका प्रचलित मिश्रणाबाबत चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला आहे.

आजीच्या बटव्यातील बहुतेक गोष्टी निरुपद्रवी आणि सुखद आहेत : गरम वरणाचे पाणी, मऊ भात, पेज, तुळशीचा कोमट काढा. मध एक वर्षाच्या वरच्या मुलाला खुशाल चाटवावा, पण त्याच्या आतील बाळाला चुकूनही देऊ नये. त्यातील बीजाणूंमुळे तान्ह्यांना घातक विषबाधा होऊ शकते. कापूर लहान मुलांच्या नाकाशी किंवा पोटात जाऊ देऊ नये, त्याने आकडी येऊ शकते. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देताना होणारे भाजण्याचे अपघात फ्लूपेक्षा वाईट असतात. तापात मुलाला गोधडीत गुंडाळून घाम काढण्याची रीतही सोडून द्यावी. अंगात पातळ सुती कपडा असावा आणि हाताशी पाणी असावे. मूल जेवले नाही तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही. प्यायले नाही तर बिघडते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत यायला हरकत नाही. डॉक्टरांनी 'किती वाजता' असे विचारले त्याचे दुसरे कारण औषधाशी जोडलेले आहे. फ्लूच्या विषाणूवर ऑसेल्टामिव्हिर हे औषध आहे. ते सर्वांना लागत नाही, परंतु ज्यांना लागते त्यांना आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत मिळाले तर त्याचा गुण सर्वाधिक येतो. ही मुदत आपण दवाखान्यात पाऊल ठेवतो तेव्हापासून नव्हे, मूल चटईवर आडवे झाले त्या क्षणापासून मोजायची असते. 'दोन दिवस पाहू आणि मग नेऊ' या आपल्या पिढीजात धोरणात तीच मुदत नेमकी संपून जाते. गंभीर आजारी मुलाला उशिरा दिले तरी ते द्यावे लागते, हे खरे; पण उशिराचे दान ते उशिराचेच.

प्रतिबंधाची तजवीज याहून सोपी आहे. फ्लूची लस सहा महिन्यांपुढील मुलांना देता येते. विषाणू वेष पालटतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना ती देण्याची शिफारस करते. सरकारच्या मोफत लसीकरणात मात्र ती नाही, तेव्हा पदरमोड करावी लागते. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या सुटीतच उरकावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती देता येत नाही. त्याचे रक्षण होते ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीने आणि घरातल्या बाकीच्यांच्या सावधगिरीने.

आणि शाळा? लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून मूल विषाणू पसरवू लागते आणि पुढे आठवडाभर, लहान असेल तर त्याहूनही अधिक काळ, पसरवत राहते. तापाचे औषध न देता पुरते २४ तास ताप नसेल तेव्हाच त्याला शाळेत पाठवावे. सकाळी पॅरासिटामॉल पाजून, रिक्षावाल्या काकांच्या स्वाधीन करून, 'आज चाचणी आहे, चुकायला नको' असे म्हणणाऱ्या पालकांना हे ठाऊक नसते असे नाही. परंतु हजेरीपटावरील एका रेघेपायी त्या वर्गातील चाळीस मुले, त्यांच्या घरची तान्ही भावंडे आणि आजीआजोबा आपण कोणत्या रांगेत उभे करतो, याचा विचार कोणी करीत नाही. संपूर्ण हजेरीचे बक्षीस देणाऱ्या शाळांनीही तो एकदा करावा.

शेजारचा तो मुलगा पाचव्या दिवशी उठला, सातव्या दिवशी पुन्हा चिखलात उतरला. त्या घरात एक बदल मात्र कायमचा झाला. आपल्याकडे बहुतेक घरांत भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्या चौकोनांत गृहिणी दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीची रजा अशा साऱ्या नोंदी पेन्सिलीने करीत असते. त्या दिनदर्शिकेच्या, ताप आलेल्या दिवशीच्या चौकोनात, 'दूध अर्धा लि.' याच्या खाली, त्या बाईंनी आता एक ओळ लिहायला सुरुवात केली आहे : ताप किती वाजता, किती अंश, श्वास किती. दुधाच्या खाड्याचा हिशेब आपण चुकू देत नाही. पुढच्या पावसाळ्यात मूल कण्हत घरी येईल त्या दिवशी हा दुसरा हिशेबही त्याच चौकोनात मांडावा, आणि दवाखान्यात निघताना ते पान सोबत न्यावे.